कशालाकाकी

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, आमच्या इमारतीखाली तान्ह्या बाळांच्या सामानाचं एक दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मालकीणबाईंना ते सामान विकायची मनापासून चीड होती. गिऱ्हाईक पायरी चढून आलं की कुठलाही दुकानदार ‘या, बसा’ म्हणतो. या बाई चष्म्याच्या वरून बघायच्या. गिऱ्हाइकाने हव्या त्या वस्तूचं नाव घेतलं की त्या एकच शब्द बोलायच्या, ‘‘कशाला?’’ गिऱ्हाईक गुजराती असो, उत्तरेकडचं असो की आपलं मराठी, शब्द तोच. फार तर ‘किसलिए’. दुकानाला रीतसर नाव होतं, पाटीवर बाळकृष्णाचं चित्रही होतं. पण रिक्षावालेसुद्धा ते दुकान कशालाकाकींचं म्हणूनच ओळखायचे.

एकदा एक गृहस्थ तान्ह्या मुलासाठी बूट घ्यायला आले. पाऊल टेकलं की लाल दिवा लागतो, तसले. मी तेव्हा दुकानातच उभी होते. काकींनी विचारलं, ‘‘कब हुआ बच्चा?’’

‘‘पिछले हफ्ते.’’

‘‘चलके कहां जानेवाला है?’’

गृहस्थ हसले. काकी हसल्या नाहीत. ‘‘साल भर के बाद आओ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तब तक इधर का रोड भी शायद बन जाएगा.’’ आणि बुटांचा खोका त्यांनी परत वर सरकवला. गृहस्थ नाराज होऊन समोरच्या दुकानात गेले आणि तिथून तेच बूट घेऊन, पिशवी मुद्दाम आमच्या समोरून नाचवत रिक्षात बसले. काकी त्या रिक्षाकडे बघत म्हणाल्या, ‘‘बापाला बूट हवे होते. पोराचं नाव पुढे केलं.’’

मी पहिल्यांदा त्यांच्या तावडीत सापडले ती सातव्या महिन्यात. आम्ही दादरहून इकडे राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. घराचा हप्ता नवा होता, शेजार नवा होता आणि माझ्या फोनवर होणाऱ्या आयांचा एक ग्रुप होता. त्या ग्रुपमधल्या बायका दिवसभर एकमेकींना घाबरवायच्या. अमुक पाळणा घेतला नाही तर बाळाचा कणा वाकडा होतो. तमुक साबण नसेल तर कातडी सोलवटते. प्रत्येक भीतीखाली खरेदीची लिंक. एकीने बाळाची खोली रंगवून फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या आपापल्या नवऱ्यांशी भांडून बसलेल्या असत. मीही त्यातलीच. एका शनिवारी प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन मी खाली उतरले आणि फोनमधली चित्रं एकामागून एक काकींना दाखवायला लागले.

अंघोळीच्या पाण्यात सोडायचं बदकाच्या आकाराचं थर्मामीटर दाखवलं. काकी म्हणाल्या, ‘‘देवाने कोपर दिलंय ना तुला? ते पाण्यात बुडवायचं.’’ ओले कागद कोमट ठेवणारी विजेवरची पेटी दाखवली. ‘‘म्हणजे त्याचं ढुंगण पुसायला लाइटबिल.’’ रांगताना गुडघ्यांना बांधायचे पॅड दाखवले, तेव्हा त्यांनी प्रशांतकडे पाहिलं. ‘‘बॅटिंगला जाणार आहे का?’’

प्रशांतला एक बाबागाडी फार आवडली होती. तीन चाकांची, परदेशी दिसणारी. तिची किंमत आमच्या घराच्या हप्त्याच्या शेजारी जाऊन बसत होती. तो काकींना समजावून सांगायला लागला की तिला धक्के शोषून घेणाऱ्या स्प्रिंगा आहेत.

‘‘चालवणार कुठे?’’ काकींनी विचारलं.

‘‘इथेच. रस्त्यावर. फूटपाथवर.’’

‘‘फूटपाथ दाखव मला. मी तुला गाडी फुकट देते.’’

दुकानाच्या पायरीपासून फूटपाथ सुरू व्हायला हवा होता. तिथे एक नारळवाला, दोन बंद पडलेल्या स्कूटर आणि उघडं गटार होतं. प्रशांतने फोन खिशात ठेवला.

तेवढ्यावर सुटका होईल असं त्याला वाटलं असेल. पण काकींनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, ‘‘पोरासाठी एवढं सगळं झालं. हिच्यासाठी काय घेतलंस?’’

तो माझ्याकडे बघायला लागला. मी फोनमधल्या बदकाकडे बघत होते. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही कुणी विचारला नव्हता. माझ्या माहेरच्यांनी, सासरच्यांनी, त्या ग्रुपमधल्या बायकांनी, डॉक्टरांनीसुद्धा. काकी म्हणाल्या, ‘‘मूल जन्माला आलं की बाई सहा महिने नीट झोपत नाही. पाठ मोडते. टाके दुखतात. तिला टेकायला एक चांगली उशी नसते आणि खोलीत हत्ती-जिराफांचे पडदे. तू वाण्याकडे जा. अळीव घे, डिंक घे, खारीक घे. ते माझ्याकडे मिळत नाही. आणि पुढे आईसारखं स्वयंपाकघरात उभं राहायला शीक. ते कुठेच विकत मिळत नाही.’’

शेवटी त्यांनी आम्हाला दिलं ते एवढंच: सुती झबली, लंगोट, दुपटी, एक टोपरं आणि गादीवर घालायला मेणकापड. मी आणखी काहीतरी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, ‘‘आधी मूल येऊ दे. काय हवं ते तेच ओरडून सांगेल.’’

नव्या नावांचा त्यांना विशेष तिटकारा होता. मऊ मलमलीच्या कापडाला इंग्रजी नाव देऊन, वर झाडाच्या पानाचं चित्र छापून, खोक्यात घालून कोणी विकायला आणलं की त्या विक्रेत्याला उभा करायच्या. ‘‘हे माझ्या सासऱ्याचं धोतर आहे,’’ त्या सांगायच्या. ‘‘जुनं झालं की आम्ही त्याची दुपटी करायचो. तुम्ही त्याला चौपट किंमत लावून त्याच सासऱ्याच्या नातवाला विकताय.’’ राईच्या उशीचंही तसंच. मोहरी प्रत्येकाच्या डब्यात, जुनी खोळ प्रत्येकाच्या कपाटात, आणि तरी शिकलेल्या मुली ती उशी ऑनलाइन मागवून वर तिला पाच तारे देतात, याची त्यांना खरोखरची चीड यायची. ‘‘सामान बाळासाठी नसतंच गं,’’ त्या मला म्हणायच्या. ‘‘बाळाला बघायला येणाऱ्यांसाठी असतं. बाळ वरच्या पंख्याकडे बघत पडलेलं असतं.’’

असं दुकान चालायचं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर होतं अण्णा.

अण्णा म्हणजे काकींचे यजमान. लालबागच्या चाळीतून ही दोघं इकडे आली, ती कंपनीने अण्णांच्या हातात एकरकमी पैसे देऊन त्यांना घरी बसवल्यावर. त्याच पैशांतून हा गाळा घेतला. अण्णा बुटके, गोरे, कायम इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि त्यांना कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. काकी दुपारी जेवायला आणि डुलकी काढायला घरी जात. तेवढा वेळ अण्णा गल्ल्यावर बसत, आणि दुकानाचा सगळा खरा धंदा त्या वेळात होई. हे इंद्रलोकमध्ये सगळ्यांना माहीत होतं. काकींची छत्री कोपऱ्यावर वळली रे वळली की पलीकडच्या रसवंतीत दबा धरून बसलेल्या बायका उठत आणि दुकानात शिरत. दिव्यांचे बूट, केसच नसलेल्या मुलींच्या डोक्याला बांधायचे फुलांचे पट्टे, बाळांचं अत्तर, सगळं खपायचं. अण्णा प्रत्येकीला म्हणायचे, ‘‘फार छान दिसेल हो.’’ आणि मग दबक्या आवाजात, ‘‘पिशवी आत धरा. ती घरच्या खिडकीतून बघते.’’

मी एकदा काकींना सरळ विचारलं की हे तुम्हाला माहीत आहे का.

‘‘न कळायला काय झालं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘माल मीच भरते ना. त्यांनी विकलं नाही तर दुकानाचं लाइटबिल भरणार कोण?’’

‘‘मग तुम्हीच विका की.’’

‘‘मला झोप लागायला हवी ना रात्री. त्यांना कशीही लागते.’’

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण काकींच्या तुच्छतेला एक धारही होती आणि ती कधी कधी वस्तूला न लागता माणसाला लागायची. डब्यातल्या दुधाच्या पावडरीचा त्यांना सगळ्यात जास्त राग. हे डबे त्या अगदी खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. एखादी मुलगी डबा मागायला आली की तिला डबा मिळायचा, पण आधी बोलणं मिळायचं. ‘‘विकतचं दूध चहाला असतं. आई धडधाकट आहे ना? मग?’’ मी दुकानात असताना एका अगदी कोवळ्या मुलीने हे मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. तिच्या कुर्त्याची बटणं खालीवर लागली होती. मला तेव्हा काकींचं म्हणणं पटलंच होतं. पोटात मूल असताना माणसाला सगळी तत्त्वं पटतात.

मग मनवा झाली. आणि मला दूध पुरेना.

अळीव झाले, शतावरी झाली, माझ्या आईने मेथीचे लाडू केले. पोर ओढून ओढून दमायची आणि रडत झोपायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि पावडरीचं नाव लिहून दिलं. प्रशांत औषधाच्या दुकानातून डबा घेऊन आला. छोटासा डबा, पण महिन्याला असे किती लागतील याचा हिशेब केल्यावर बाबागाडी स्वस्त वाटायला लागली. या एका वस्तूला ‘कशाला’ विचारण्याची सोय नव्हती. ते डबे करणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असावं. बूट आणि बदकं माणसाला हौस म्हणून लुबाडतात. हा डबा थेट गळा धरतो.

पण खरं सांगते, पैशापेक्षा मला भीती काकींची वाटत होती. डबा मी स्वयंपाकघरात गव्हाच्या पिठाच्या डब्यामागे ठेवला होता.

बारशाच्या आधी एका सकाळी काकी मनवाला बघायला आल्या. प्रशांत कामावर गेला होता, आई देवळात गेली होती. काकींनी स्वतः शिवलेली कुंची आणली होती, हिरव्या खणाची, काठाला मोती. मनवाला मांडीवर घेऊन त्या बसल्या आणि थोड्याच वेळात ती भुकेने रडायला लागली. मी तिला पदराखाली घेतलं. ती ओढू लागली, सोडू लागली, पुन्हा रडू लागली. पिठाच्या डब्यामागचा डबा मला भिंतीतून दिसत होता. मी उठले नाही. ‘‘थांबेल आत्ता,’’ असं म्हणत मी तिला थोपटत राहिले. तिचा चेहरा लालभडक झाला.

काकी पाणी प्यायला म्हणून आत गेल्या. ओट्यावर दुधाची बाटली धुऊन उपडी घातलेली होती. ती लपवायचं मी विसरले होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाणी नव्हतं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘पोर भुकेजलंय.’’

मी मनवाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

‘‘आणि तू मला भिऊन बसलीयेस?’’

मला रडू फुटलं. मी म्हटलं, ‘‘मी सगळं केलं हो काकी. खरंच सगळं केलं. येतच नाही पुरेसं.’’

त्या परत आत वळल्या. मग म्हणाल्या, ‘‘डबा कुठाय?’’ मी सांगितलं. आत पाणी उकळल्याचा, चमचा वाजल्याचा आवाज आला. बाटली मनगटावर थेंब टाकून बघत त्या आल्या, मनवाला माझ्याकडून घेतलं आणि पाजायला लागल्या. त्यांना बाटलीने पाजायची सवय नव्हती. बाटली आधी आडवी धरली, मग उभी, मग जमलं. मनवा घटाघट प्यायला लागली आणि खोलीत एकदम शांतता झाली.

‘‘माझ्या वेळेला मला दूध आलं,’’ त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या. ‘‘भरपूर आलं. पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.’’ बाटली जरा तिरपी करत म्हणाल्या, ‘‘किती पोरींना बोलले असेन मी.’’

मी म्हटलं, ‘‘असू दे काकी.’’

‘‘असू दे कसं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांची पोरं पण अशीच रडली असतील की घरी, आई डबा लपवून बसली म्हणून.’’

मनवाला खांद्यावर टाकून त्यांनी तिचा ढेकर काढला. जाताना चहासुद्धा नको म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात खाली उतरले तर पावडरीचे डबे वरच्या फळीवर, गल्ल्याच्या मागेच, दर्शनी मांडलेले होते. एक बाई डबा मागायला आली. मी बघत राहिले. काकींनी डबा काढला, पुसला, पिशवीत घातला आणि म्हणाल्या, ‘‘पानी उबालके लेना. तू खुद खाना खाया क्या?’’ बाकी कुणाचीही त्यांनी गय केली नाही. त्याच बाईने पाठोपाठ केसांचा पट्टा मागितला, तेव्हा तिच्या बाळाच्या टकलाकडे बोट दाखवून ‘किसलिए’ झालंच.

पुढे मीरा रोडला बाळांच्या सामानाचं काचेचं, थंडगार, तीन मजली दुकान आलं. तिथे दारातच एक मुलगी ‘काँग्रॅच्युलेशन्स मॅम’ म्हणून गुलाब देते आणि मग माणूस टोपलीऐवजी ढकलगाडी घेतो. मी मैत्रिणीबरोबर एकदा गेले होते. ‘आवश्यक वस्तू’ अशी पाटी लावलेल्या भागात बाळाच्या बोटांच्या ठशांची चौकट, आईच्या पोटाचा साचा काढायचं प्लास्टर आणि नाळ ठेवायची चांदीची डबी होती. साधं झबलं शोधायला आम्हाला तिसऱ्या मजल्यावर जावं लागलं. पैसे देताना तिथल्या मुलाने विचारलं, पुढच्या अपत्यासाठी पॉइंट जमा करू का. लोक हे सगळं ऐकून घेतात आणि ‘करा’ म्हणतात.

त्या दुकानाने आणि दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या पोरांनी अण्णांची दुपारची वेळ खाल्ली. रसवंतीत आता कुणी दबा धरून बसेना. त्यातच अण्णांचे गुडघे गेले. मुलगा निखिल घोडबंदर रोडला एका उंच टॉवरमध्ये राहायचा. तो न्यायला आला आणि गाळा विकायचं ठरलं. उरलेला माल घ्यायला उल्हासनगरचा एक व्यापारी आला होता. अण्णा बिचारे एकेका वस्तूची तारीफ करत होते आणि काकी मागून म्हणत होत्या, ‘‘हे नेऊ नको बाबा, हे कुणी घेत नाही. हे पण नको, याचा दिवा लागत नाही.’’ व्यापाऱ्याने भाव पाडून सगळं नेलं. अण्णा हताश होऊन म्हणाले, ‘‘आज तरी गप्प बसायचंस.’’ काकी म्हणाल्या, ‘‘आज शेवटचा दिवस आहे. आजच काय म्हणून खोटं बोलू?’’

वर्षभराने निखिलच्या बायकोच्या, स्नेहलच्या, डोहाळजेवणाला काकींनी मला बोलावलं. मी मनवाला घेऊन गेले. एकविसावा मजला, खाली खाडी आणि समोर बाळाची तयार खोली. आम्हा दोघी-तिघी जुन्या शेजारणींनी ती खोली बघितली आणि एकमेकींकडे बघितलं. परदेशी पाळणा. पाळण्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा. ओले कागद कोमट ठेवायची पेटी. भिंतीवर फळी ठोकून ओळीने बूट. मी काकींच्या तोंडाकडे बघत होते. मला तो शब्द ऐकायचाच होता. त्यासाठीच मी इतक्या लांब आले होते म्हणा ना.

स्नेहलही त्यांच्याकडेच बघत होती. फुलांची वाडी भरलेली, आठव्या महिन्यातली, पाठीला हात लावून उभी. तिने विचारलं, ‘‘आई, जास्त झालं का हो सगळं?’’

काकी म्हणाल्या, ‘‘नाही गं. छान आहे.’’

मला धक्का बसला. नंतर ताटं उचलताना मी त्यांना गाठलं. ‘‘काकी, तुम्ही काहीच बोलला नाहीत? बूट बघितलेत ना?’’

‘‘बघितले.’’

‘‘मग?’’

त्या हातातली वाटी पुसत राहिल्या. ‘‘दुकानात बोलायचे मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गिऱ्हाइकाला नाही पटलं तर ते उठून समोरच्या दुकानात जायचं. सून कुठे जाणार?’’

गेल्या हिवाळ्यात काकी गेल्या. झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा खुर्चीत बसून होते, त्यांना माझी ओळख पटायला वेळ लागला. स्नेहल नातवाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, ‘‘आई मला कधी एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी भाईंदरच्याच. त्या सांगत होत्या, तुमच्या इंद्रलोकमध्ये आई फार तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होत्या. लोक काय वाट्टेल ते बोलतात ना.’’

मी खोलीभर नजर फिरवली. त्या घरात कपाटाच्या वर बाबागाडी गुंडाळून ठेवलेली दिसत होती, खोक्यातून न काढलेल्या वस्तूंची चळत होती, आणि या सगळ्यांत ती बाई दोन वर्षं जिभेवर दगड ठेवून राहिली होती. मला स्नेहलचा हेवा वाटला आणि तिची कीवही आली. तिला इतकी चांगली सासू मिळाली की काकी कधी भेटल्याच नाहीत.

‘‘लोक खरं बोलतात,’’ मी म्हटलं. ‘‘फार तोंडाळ होत्या.’’

तिने चमकून वर पाहिलं. अण्णा खुर्चीतून हळूच हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर रुमाल धरला.